गिटारच्या बॉडीला तेलाचं फिनिश: चिकट राहू नये म्हणून काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

"महिना झाला, बॉडी अजून हाताला चिकटते." घरी गिटार बनवून तिला पहिल्यांदाच तेल लावणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार. किती तेल लावलंत असं विचारलं की अभिमानाने उत्तर येतं, "भरपूर! तीन जाड हात मारले." घोळ तिथेच झालेला असतो. या कामात तेल लावायला पाच मिनिटं लागतात, पुसायला अर्धा तास आणि वाट पाहायला आठवडे. लोक पाच मिनिटांवर सगळी मेहनत घेतात आणि बाकीचं उरकतात.

हा लेख भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीसाठी आहे. पोकळ अकूस्टिक गिटारच्या वरच्या फळीला हे करू नका. ती फळी पातळ असते, तिचं थरथरणं म्हणजेच आवाज, आणि तेल मुरलं की ती जड आणि मऊ होते.

## आधी तेल ठरवा

लाकडाला हवं असतं वाळणारं तेल. वाळणं म्हणजे इथे उडून जाणं नव्हे. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि आतल्या आत घट्ट होत जातं. जवस, टंग (एका झाडाच्या बिया) आणि अक्रोड यांची तेलं अशी वाळतात. खोबरेल जन्मात वाळत नाही. तेल वाळणारं आहे की नाही हे त्याच्या आयोडीन व्हॅल्यूवरून कळतं (तेल किती असंतृप्त आहे याचं माप; आकडा मोठा तितकं ते चांगलं वाळतं): जवसाची 170 च्या आसपास किंवा पुढे, खोबरेलची जेमतेम 10 च्या घरात. शेंगदाणा आणि मोहरी मधे कुठेतरी येतात, पण आपल्या कामाची नाहीत. चिकटपणा राहतो आणि पुढे खवट वास सुटतो. देवघरातलं तेल देवघरातच राहू द्या.

रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉईल्ड लिनसीड हे जवसाचंच तेल. लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे ड्रायर घातलेले असतात. बॅटला पाजतात ते कच्चं तेल किंवा किराणा दुकानातलं खायचं जवसाचं तेलही वाळतं, पण एकेका हाताला आठवडा नाहीतर त्याहून जास्त घेतं. टंग तेल कमी पिवळं पडतं आणि पाण्याला जास्त टिकतं, मात्र शुद्ध टंगला सबुरी लागते. बाटलीवर 'टंग ऑइल फिनिश' लिहिलेलं असेल तर मागचं लेबल वाचा. बऱ्याचदा आत थिनर घातलेलं वॉर्निश असतं. ते वाईट नाही, पण त्याचं वागणं वेगळं. डॅनिश ऑइल म्हणजे तेल, वॉर्निश आणि थिनर यांची मिसळ. ते लवकर वाळतं आणि थोडं कडकही होतं.

पहिल्या गिटारला मी डबल बॉईल्ड लिनसीडच सुचवेन. स्वस्त असतं, सहज मिळतं आणि चूक सुधारायला सोपं जातं. त्याची मधासारखी छटा सागावर आणि महोगनीवर छान दिसते. लाकूड पांढरं असेल आणि पांढरंच ठेवायचं असेल तर टंग घ्या.

मिरजेच्या तंबोऱ्यासारखी आरशाची झळाळी हवी असेल तर हा लेख इथेच सोडा. ती झळाळी लाखेच्या पॉलिशची, आणि ती लाकडाच्या वर बसते. तेल आत जातं. त्याची चमक अंगच्या कांतीसारखी असते, काचेसारखी नाही.

## सामान

- तेल 250 मिलि. आणि मिनरल टर्पेंटाइन तेवढंच. एका बॉडीला पुरून उरतं.
- पॉलिश पेपर 80, 120, 180, 220 आणि 320 नंबरचा. वॉटर पेपर 400 आणि 600 चा. घासताना खाली धरायला सपाट लाकडी ठोकळा.
- जुन्या सुती बनियनच्या किंवा धोतराच्या चिंध्या, किमान वीस. टेरिकॉट नको, ते तेल शोषत नाही.
- रबरी हातमोजे, धुळीसाठी एन 95 मास्क, मास्किंग टेप, एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा).
- झाकणाचा पत्र्याचा डबा आणि पाणी. हे ऐच्छिक नाही.

## तेलाच्या चिंध्या: हे आधी वाचा

तेल घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतं. पसरलेल्या कापडातून ती हवेत निघून जाते. बोळा करून टाकलेल्या कापडात ती कोंडते, बोळा तापत जातो आणि काडी न लावता पेटू शकतो. एकदा संध्याकाळी काम संपवून मी सहा-सात चिंध्या बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या बादलीत कोंबल्या. तासाभराने बादली हलवायला गेलो तर आतला बोळा इस्त्री केलेल्या शर्टासारखा गरम, आणि वास जळकट. बादलीभर पाणी ओतलं तेव्हा जिवात जीव आला.

नियम: काम झालं की प्रत्येक चिंधी एकेरी पसरून बाहेर दोरीवर वाळत घाला किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. दोरीवरची चिंधी पुठ्ठ्यासारखी कडक झाली की मगच कचऱ्यात. हा नियम चिंधीला आहे तसाच तेलाने भिजलेल्या पॉलिश पेपरला आणि लाकडाच्या भुशालाही आहे.

## टप्पा 1: सगळी भोकं आणि खाचा आधी

ब्रिजच्या स्क्रूची भोकं, पट्ट्याच्या बटणांची भोकं, जॅकचं भोक, ब्रिजपासून कंट्रोलच्या खाचेपर्यंत जाणाऱ्या अर्थच्या वायरीचं भोक, हे सगळं तेलाआधी. फिनिश झाल्यावर ड्रिल चालवलं की भोकाच्या कडेला कपचा उडतो, आणि हात घसरला तर ओरखडा ठरलेला.

मग गिटार एकदा कोरडीच जोडा. नेक बसवा, ब्रिज ठेवा, दोन्ही बाजूच्या तारा लावून पाहा. तारा नेकच्या मधोमध जात नसतील तर ब्रिज सरकवायची वेळ हीच. सगळं जुळलं की पुन्हा उघडा.

## टप्पा 2: घासणं

80 नंबरने सुरुवात फक्त राउटरचे (खाचा कोरायच्या यंत्राचे) जळके डाग आणि करवतीच्या खुणा घालवण्यासाठी. त्यानंतर 120, 180, 220. एकही नंबर गाळू नका. 80 वरून थेट 220 वर उडी मारली की 80 चे ओरखडे तसेच राहतात, कोरड्या लाकडावर दिसत नाहीत आणि तेल लागताच काळ्या रेघा होऊन वर येतात. नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर घासा. शेवटच्या दोन नंबरना तर आडवा हात अजिबात नको.

सपाट भागाला 220 पुरे. आता बॉडीची टोकं आणि शिंगांची गोलाई पाहा. तिथे रेषा आडव्या कापल्या गेलेल्या असतात, लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि ती तेल स्पंजासारखी पितात. म्हणून तो भाग 320 ने, जमलं तर 400 ने घासा. तोंडं थोडी मिटतात आणि टोकं बाकीच्या अंगापेक्षा काळीकुट्ट दिसत नाहीत. ही एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात आणि मग विचारतात, कडा एवढ्या काळ्या का?

उलट चूकही तितकीच होते. संपूर्ण बॉडी 600 पर्यंत घासून काचेसारखी करायची. लाकूड असं घोटलं गेलं की तेल आत शिरत नाही, वरच राहतं आणि चिकटतं.

तपासा: खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बॉडीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. उभ्या उजेडात न दिसणारे ओरखडे सावली टाकतात. सापडला तर मागच्या नंबरवर परत जा.

सावध: सागाची धूळ घसा आणि कातडी चिडवते, शिसवाची तर अनेकांना ॲलर्जी देते. मास्क गळ्यात नाही, नाकावर.

## टप्पा 3: रेषा उठवणं आणि फेविकॉल शोधणं

स्वच्छ फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि बॉडीवरून एकदा फिरवा. लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात. रात्रभर वाळू द्या. सकाळी हात फिरवलात तर दोन दिवसांच्या दाढीसारखं लागेल. 220 ने अलगद, दाब न देता, फक्त खुंट उडतील इतकं घासा. हे आज केलं नाही तर तेच तंतू पहिल्या हातानंतर उठतील आणि बॉडी कायम खरखरीत लागेल.

यानंतर फेविकॉलची शोधाशोध. दोन-तीन फळ्या चिकटवून बॉडी केली असेल तर सांध्याजवळ पिळून आलेला फेविकॉल बोटांनी पसरलेला असतोच. वाळल्यावर तो दिसत नाही. तेल मात्र त्याच्याखाली जात नाही आणि तिथे पांढरट धब्बा उठतो, नेमका समोरच्या बाजूला. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेली चिंधी सगळीकडे फिरवा. पाच-दहा मिनिटं लाकूड तेल लावल्यासारखं दिसेल आणि फेविकॉलचे डाग फिकट उमटतील. पेन्सिलने खूण करा, टर्पेंटाइन उडू द्या आणि तिथे खरवडून पुन्हा 220 पर्यंत घासा. उरलेले ओरखडेही याच वेळी सापडतात.

साग किंवा शिसव असेल तर आणखी एक काम. या लाकडात स्वतःचं तेल आणि राळ असते आणि ती वरच्या तेलाला वाळू देत नाही. तेल लावायच्या लगेच आधी एनसी थिनरच्या चिंधीने बॉडी पुसा. चिंधी पिवळी-तपकिरी होते ती त्यामुळेच. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसा आणि थिनर उडाला की तासाभरात पहिला हात द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

## टप्पा 4: दांडा आणि टेप

नेकच्या खोबणीत फूटभर लांबीची टाकाऊ लाकडी पट्टी नेकच्याच स्क्रूंनी कसा. हा झाला दांडा. त्याला धरून बॉडी फिरवता येते आणि दांड्याला भोक पाडून ती दोरीने टांगता येते. टेबलावर ठेवून तेल लावणारे एक बाजू लावतात आणि दुसरी लावताना पहिली खराब करतात.

नेक चिकटवायची असेल तर खोबणीत तेलाचा थेंबही नको. तेलावर फेविकॉल धरत नाही. खोबणीला टेप लावा. कंट्रोलच्या खाचेत तांब्याची पट्टी किंवा शील्डिंगचा रंग लावायचा असेल तर तीही कोरडी ठेवा.

आणि नमुना. बॉडीच्याच फळीचा उरलेला तुकडा याच सगळ्या टप्प्यांतून न्या आणि प्रत्येक हात आधी त्याच्यावर मारा. कंटाळा येतो, मान्य. पण सागाचा पिवळा भाग आणि गाभा तेलात किती वेगळे दिसतात हे गिटारवर कळण्यापेक्षा तुकड्यावर कळलेलं बरं.

## टप्पा 5: पहिला हात

तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळा. पातळ झालेलं तेल खोल जातं.

वेळ संध्याकाळची निवडा आणि बॉडी उन्हात ठेवू नका. लाकूड तापलं की छिद्रांतली हवा फुगते आणि तेल बाहेर ढकलते. थंड होत जाणारं लाकूड उलट तेल आत ओढतं.

चिंधी ओली करून सगळीकडे सढळ हाताने लावा. हा एकच हात असा आहे की त्यात कंजुषी करायची नाही. टोकांकडे लक्ष ठेवा. तिथे दोन मिनिटांत कोरडं पडेल, पुन्हा लावा. जिथे तेल वर चमकत राहतं तिथे पोट भरलं.

पंधरा-वीस मिनिटांनी पुसायला घ्या. पुसायचं म्हणजे वरवर हात फिरवायचा असं नाही. कोरडी चिंधी, जोर लावून, सगळं वरचं तेल परत घ्यायचं. पहिली चिंधी ओली होते, पसरून ठेवा आणि दुसरी घ्या. दुसरी ओलसर होते, तीही पसरा. तिसरीला नुसता डाग पडतो. चौथी जवळजवळ कोरडी राहिली की झालं. मला हे शिकवलं ते वखारीतल्या एका मिस्त्रींनी. मी दोन चिंध्यांवर थांबलो तेव्हा त्यांनी माझ्या बॉडीवर अंगठा दाबला, अंगठ्याचा चकचकीत ठसा मला दाखवला आणि म्हणाले, "हे लाकडाचं नाही, उष्टं आहे. काढा."

तपासा: पांढरा टिश्यू पेपर दाबून धरा. पारदर्शक डाग पडला तर अजून पुसा.

इथे काम संपत नाही. साग, महोगनी यांची छिद्रं मोठी असतात. पुसल्यानंतर तास-दीड तास त्यांतून तेलाचे बारीक ठिपके परत वर येतात, घामासारखे. पहिला तास दर पंधरा-वीस मिनिटांनी पुसा, नंतर झोपेपर्यंत दर तासाने. सोडलेत तर सकाळी ते ठिपके कडक, चकचकीत खपल्या झालेले असतात. रात्री दहाला पहिला हात देऊन झोपायला जाऊ नका.

## टप्पा 6: छिद्रं भरणं

पहिला हात नीट वाळू द्या. कोरड्या हवेत एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन. पांढरं, बारीक छिद्रांचं लाकूड असेल तर हा टप्पा सोडा. सागाला आणि महोगनीला मात्र याचा फार फरक पडतो.

लांबी (पुट्टी) भरायची गरज नाही. लाकूड स्वतःचीच लांबी बनवतं. हातभर जागेवर तेल लावा, यावेळी टर्पेंटाइन अगदी थोडं, आणि 400 चा वॉटर पेपर तेलातच गोल गोल फिरवा. दोन मिनिटांत तेल आणि लाकडाची भुकटी मिळून काळपट चिखल तयार होतो, पातळ चटणीसारखा. तो तळहाताने छिद्रांत दाबत राहा. पेपर सुकला की तेलाचा एक थेंब. मग पुढची जागा.

संपूर्ण बॉडी झाली की वीस मिनिटं थांबा आणि आता आडवं पुसा, रेषेला काटकोनात आणि हलक्या हाताने. रेषेबरोबर पुसलंत तर छिद्रांत बसलेला चिखल चिंधी उपसून काढते. शेवटी एक हात रेषेबरोबर, फक्त पुसल्याच्या खुणा घालवायला. वर फिल्म राहू देऊ नका.

दोन दिवस वाळू द्या आणि पुन्हा एकदा करा, यावेळी 600 ने. दोनदा केलं की सागावर नखाने ओढलं तरी छिद्रं जाणवत नाहीत.

सावध: फळ्या वेगळ्या रंगांच्या असतील, मध्ये गडद आणि कडेला फिकट, तर प्रत्येक रंगाला वेगळा पेपर घ्या आणि चिखल सांध्यापलीकडे जाऊ देऊ नका. शिसवाची काळी भुकटी पांढऱ्या लाकडात बसली की निघत नाही.

## टप्पा 7: पुढचे हात

आता फक्त पातळ हात. चिंधीवर चमचाभर तेल, चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं, पूर्ण पुसायचं. दोन हातांमध्ये किमान 24 तास. असे तीन ते पाच हात पुरतात. आठव्या-दहाव्या हाताने चमक फारशी वाढत नाही, फक्त वाट पाहणं वाढतं.

पुढचा हात द्यायचा की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. तळहात ठेवा. थंडगार आणि ओलसर वाटलं तर अजून नाही. 600 चा पेपर एकदा घासा. पांढरी भुकटी पडली तर तयार, पेपरावर गोळे झाले तर नाही.

माझी पहिली बॉडी मी चिपळूणला, भर जुलैमध्ये केली. तेल लावलं, पुसलं अर्धवट, आणि लग्नाला म्हणून दोन दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तेव्हा तिच्यावर चार डास आणि एक पाखरू कायमचे बसले होते. कोकणातल्या पावसात तेल वाळतं, पण त्याच्या मर्जीने. पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा आणि प्रत्येक हाताला तिप्पट वेळ धरा. जमत असेल तर काम दिवाळीनंतर काढा.

## बिघडलं तर

चिकट राहिली: वर नवं तेल लावून ते सुटत नाही. टर्पेंटाइनमध्ये चिंधी भिजवून जोरात चोळा, फिल्म मऊ होऊन निघेल. फार जुनी असेल तर टर्पेंटाइन आणि 400 चा वॉटर पेपर. पूर्ण पुसा, तीन दिवस सोडा, मग एक पातळ हात.

चकचकीत ठिपके: कोरड्या 400 ने किंवा ब्लेडच्या कडेने उभं खरवडून काढा आणि त्या जागी एक पातळ हात.

काळे ठिपके: बहुधा स्टील वूलचे. त्याचे तुकडे छिद्रांत अडकतात आणि सागासारख्या लाकडात ओल लागली की काळे पडतात. शिवाय ते पिकअपच्या चुंबकांना जाऊन चिकटतात. गिटारच्या कामात स्टील वूल वापरूच नका. झिजलेला 600 चा पेपर तेच काम करतो.

## टप्पा 8: पक्कं होणं, मेण, जोडणी

शेवटच्या हातानंतर बॉडी हवेशीर जागी किमान दोन आठवडे टांगून ठेवा, पावसाळ्यात महिना. कपाटात नको. तिथे हवा नसते, आणि जवसाचं तेल अंधारात जास्त पिवळं पडतं. तयार झाली की नाही हे नाकाने ओळखा. खाचेत नाक घालून वास घ्या. तेलाचा तिखट वास आहे तोवर तेल काम करतंय.

वास गेला की हवं तर मेण: मधमाशीच्या मेणाची पेस्ट अगदी थोडी, दहा मिनिटांनी मऊ कापडाने घोटून. मेण मात्र सगळ्यात शेवटी. मेणावर तेल धरत नाही, त्यामुळे अजून एखादा हात द्यावा असं मनात असेल तर आज मेण नको.

टेप काढा, दांडा सोडवा. स्क्रूची भोकं आतून तेलाने आवळली असतील, म्हणून स्क्रूला मेण चोळून हाताने फिरवा, पॉवर ड्रायव्हरने नको. ब्रिजखाली येणारी अर्थची वायर धातूला टेकते आहे ना, ते तारा चढवायच्या आधी मीटरने पाहा. पहिला महिना गिटार रबरी स्टँडवर ठेवू नका, ताज्या फिनिशवर रबराची खूण उठते. भिंतीवर टांगा किंवा सुती कापडावर झोपवा.

पुढे कधी पट्ट्याचं बक्कल घासून पाठीला ओरखडा पडेलच. मेण लावलं असेल तर तेवढ्या जागेवर टर्पेंटाइनने ते आधी काढा. मग रेषेबरोबर 320 आणि 400, चिंधीवर दोन थेंब तेल, दहा मिनिटं, आणि पुसून काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. आजूबाजूच्या रंगात ते मिसळायला महिना-दोन महिने लागतात, तेवढे दिवस थोडं फिकट दिसेल.